भिंतीलगतचं हिरवं वर्तुळ

दुबईतल्या अल मनखूलचा फ्लॅट सोडून आम्ही शारजाला राहायला गेलो, तेव्हा दुबईतल्या ओळखीच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. नवऱ्याचं ऑफिस दुबईतच होतं, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये अडकणं आलं. पण मला अंगण हवं होतं. अल मजाजच्या टॉवरांच्या मागे तेव्हा थोडी जुनी बैठी घरं उरली होती. त्यातलं एक आम्हाला मिळालं. पुढे लोखंडी फाटक, मग लॉन, कोपऱ्यात एक कडुनिंब आणि एका बाजूला उंच भिंत. त्या भिंतीला चिकटूनच पलीकडे एक जुनी दुमजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावरची एक खिडकी थेट आमच्या अंगणात उघडायची. तिला कायम पडदा असायचा.

भारतात असताना मी शाळेत विज्ञान शिकवायची. इथे आल्यावर घरीच होते. त्यामुळे प्रश्न पडायची सवय तेवढी शिल्लक राहिली होती आणि विचारायला वर्ग नव्हता. अंगण मिळाल्यावर त्या सवयीला काम मिळालं.

पहिल्याच वर्षी कळलं, की इथल्या बागेचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. आपल्याकडे लोक तेव्हा दिवाळीची साफसफाई करतात. इथे घराघरांत लॉन साफ व्हायचं. उन्हाळ्यात करपलेलं गवत मशीनने पार मुळापर्यंत कापायचं, खालचा वाळका, गादीसारखा थर दाताळ्याने ओरबाडून काढायचा, वर गोडी, म्हणजे बिनखारी वाळू आणि शेळीचं खत पसरायचं आणि त्यात थंडीच्या गवताचं बी फेकायचं. पंधरवडाभर सगळ्या गल्लीत खताचा वास. गाडीतून उतरणारी माणसं नाकाला रुमाल लावून घरात पळायची.

हे सगळं आम्हाला शिकवलं आमच्या माळ्याने. तो साताऱ्याकडचा. आठवडाभर एका कंपनीतर्फे रस्त्यांवरच्या चौकांतली फुलझाडं सांभाळायचा, शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचा आणि शुक्रवारी सुट्टी असली की आमच्यासारख्यांची अंगणं करायचा. पहिल्याच दिवशी त्याने लॉनमधून एक काडी उपटली, ती निरखून पाहिली आणि खो खो हसत सुटला.

"वैनी, ही तर हरळी! आमच्याकडं ही काढायला बायका लावत्यात. आन् हितं लावायला मला बोलावलंय!"

तो गप्पिष्ट होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असायचं. ते खरं असेलच असं नव्हे.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही नेहमीसारखे शाळेच्या सुट्टीत भारतात गेलो. जाताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, फाटकाला कुलूप लावलं. ऑगस्टच्या शेवटी परत आलो, तर लॉन अपेक्षेप्रमाणे नारळाच्या काथ्यासारखं झालेलं. पण भिंतीलगत, त्या खिडकीच्या बरोबर खाली, एक हिरवंगार वर्तुळ होतं. दोन माणसं मांडी घालून बसतील एवढं. इतकं हिरवं की बाकीच्या तपकिरी रंगात ते कुणीतरी नंतर रंगवल्यासारखं दिसत होतं. मी बॅगा तशाच ठेवून वाकून हात लावला. माती ओलसर होती.

"एसीचं पाणी," नवरा म्हणाला. तो एसी बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, त्यामुळे जगातलं बरंचसं पाणी त्याला एसीचं वाटायचं.

"आपले एसी बंद होते."

"मग पलीकडच्यांचे."

"त्यांचे सगळे एसी रस्त्याच्या बाजूला आहेत. तूच बघ."

त्याने बघितलं. मग म्हणाला, "पाइप लीक असणार. साधी गोष्ट आहे." दुसऱ्या दिवशी सगळे नळ बंद करून त्याने मला मीटरसमोर उभं केलं. मी काटा बघत उभी राहिले. काटा हलला नाही. नवऱ्याने मीटरच खराब आहे असं ठरवलं आणि तो ऑफिसला गेला.

माळी आला तेव्हा त्याने वर्तुळाला एक चक्कर मारली, बूट आपटून पाहिला.

"खाली कायतरी कुजतंय वैनी. बकरं पुरलं आसंल कुणीतरी. ते खत लागतंय त्येला."

हे मुलीच्या कानावर गेलं. ती तेव्हा दुसरी-तिसरीत होती. त्यानंतर बरेच दिवस ती लॉनवर पाय ठेवायला तयार नव्हती. मराठीत काही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत द्यायची. "नो वे, मम्मी. देअर इज अ डेड गोट."

सप्टेंबरात उन्हाचा कहर असतो, तेव्हा माळ्याने लॉनला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी नुसती बघत होते. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या वर्तुळापाशी जायचे. आणि मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ते पिवळं पडायला लागलं होतं. आधी कडा, मग आतवर. म्हणजे भर जुलैच्या आगीत, बंद घरात ते हिरवं राहिलं. आणि आम्ही परत आलो, तर सुकायला लागलं. पाइप असता तर गळतच राहिला असता. बकरं असतं तर तेही कुठे गेलं नसतं. आमच्या येण्याचा आणि त्या पाण्याच्या थांबण्याचा काहीतरी संबंध होता. मला त्या विचाराने झोप लागेना असं नाही, पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी त्यातच असायची.

ऑक्टोबरातल्या पहिल्या थंड शुक्रवारी कामाला सुरुवात झाली. थंड म्हणजे काय, घाम जरा उशिरा आला एवढंच. मशीन सुरू करण्याआधी मी माळ्याला म्हटलं, "आधी ते बकरं शोधू या."

त्याने टिकाव घेतला. वरची माती भुसभुशीत, काळपट. वीतभर खाली गेल्यावर ओल संपली. कोपरभर खड्डा झाला, तर आत पांढरी वाळू, कोरडी ठणठणीत. बकरं तर नाहीच, पाइपही नाही. माळी कपाळावरचा घाम पुसत खड्ड्याकडे बघत राहिला.

"म्हंजे पाणी वरनंच पडलंय," तो म्हणाला. जरा हिरमुसलाच होता.

मुलगी धीर करून जवळ आली होती. ती खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि बोट दाखवत म्हणाली, "मम्मी, धिस इज नॉट ग्रास."

खरंच नव्हतं. हरळीच्या गुंत्यातून एक वेगळी तीन पानांची वेल वर आली होती, अर्धी वाळलेली, आणि तिला बारीक काळ्या शेंगा होत्या. मी एक शेंग फोडली. आत मूग. मग आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो. मेथीची सुकलेली रोपं सापडली. कोथिंबिरीसारखं काहीतरी सापडलं. आणि मातीत तांदळाचे कण, चिकार.

हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं पाणी होतं. तांदळाचं, डाळी-कडधान्यांचं, भाजीचं धुवण. आम्ही तिघांनी एकदमच मान वर केली. खिडकीचा पडदा हलला आणि स्थिर झाला.

संध्याकाळी मी ती मुगाची वेल मुळासकट हातात घेऊन पलीकडच्या इमारतीत गेले. खरं तर मला रागबिग काही आला नव्हता. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. वरच्या मजल्यावर कोणतं दार असेल याचा अंदाज बांधून बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं. विशीतली एक मुलगी, डोक्यावरून ओढणी, चेहरा भेदरलेला.

मी हिंदीत म्हटलं, की मी खालच्या घरात राहते, आमच्या अंगणात कुणी पाणी टाकतं का?

"मैंने नहीं फेंका," ती लगेच म्हणाली. "हम लोग तो खिड़की भी नहीं खोलते."

मी वेल पुढे केली. तिची नजर शेंगांवर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "अगो बाय, मूग धरले!"



"मराठी?" मी विचारलं.

"म्हसळ्याची," ती म्हणाली, आणि पुन्हा घाबरून, "तुमी कंप्लेंट करायला आल्या काय?"

मी नाही म्हटलं तरी तिला ते पटलं नसावं. कारण रात्रीच्या जेवणाआधी तिचा नवरा आमच्या दारात हजर. औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजमध्ये तो काम करायचा. हात स्वच्छ धुतलेले, पण नखांत ऑइलची काळी रेघ राहिलेली. त्याच्यामागे ती.

"भाभी, बिल्डिंगवाल्याला सांगू नका," तो म्हणाला. "तो लगेच खोली खाली करायला लावेल. मी हिला समजावलंय. खलास, परत होणार नाही."

"अहो, कसली कंप्लेंट?" माझा नवरा म्हणाला. "तुम्ही आधी बसा. माझा मीटर खराब नाही हे कळलं, तेवढं बरं झालं." आणि मला म्हणाला, "चहा टाक."

तो कोचाच्या अगदी टोकावर बसला. ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिथे, चहाला उकळी येईपर्यंत, तिने सांगितलं.

ती एप्रिलमध्ये लग्न होऊन आली होती. नवरा पहाटे जायचा तो रात्री यायचा. शेजारीपाजारी कोण राहतं ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी बोलणार कोणत्या भाषेत. आम्ही भारतात गेल्यावर खिडकीतून दिसायचं ते आमचं रिकामं अंगण. एकदा दुपारी तिला कडुनिंबाखाली एक बुलबुल दिसला. चोच उघडी, पंख फाकवून बसलेला.

"आता मरतो की काय असं वाटलं बगा. माज्या हातात तांदळाचं पाणी होतं. तसंच टाकलं. तो उडाला. मी म्हटलं, गेला. पण थोड्या वेळानं आला न् पाण्यात बसला. चांगला आंघोळ करून गेला."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम बघत बसली. तो आला. बरोबर दुसरा आला. मग साळुंक्या आल्या, आणि एक डोक्यावर तुरा असलेला पक्षी, ज्याचं नाव तिला माहीत नव्हतं. तो हुदहुद होता. मग ती रोजच टाकायला लागली. सकाळी तांदळाचं, दुपारी डाळी-मुगाचं, आणि अगदीच ऊन तापलं की नळाची एक बादली.

"मग थांबवलंस का?"

"तुमी आल्या ना." तिला हा प्रश्नच कळला नाही. "तुमचं अंगण. तुमच्या अंगावर पडलं असतं तर?"

बराच काळ मी ज्या कोड्याभोवती फिरत होते, त्याचं उत्तर माझ्यासमोर ओट्याला टेकून उभं होतं आणि कपबश्या मांडत होतं. उत्तर मिळाल्याचा आनंद होताच. पण आता मला तिच्याबद्दलच कुतूहल वाटायला लागलं होतं. दोन महिने एकटीने खिडकीत बसून पक्षी बघणारी ही मुलगी आणखी काय काय बघत असेल?

"उद्यापासून खाली ये," चहा घेऊन बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं. "लॉनचं काम काढलंय. मला एक माणूस हवंच आहे."

ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो माझ्या नवऱ्याकडे. माझ्या नवऱ्याने बिस्किटांची बशी पुढे केली.

ती आली. पहिल्या दिवशी फाटकापाशीच घुटमळली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातलं दाताळं घेतलं, कारण मी ते धरते तसं कुणीच धरत नाही असं तिचं म्हणणं पडलं. आम्ही दोघींनी मिळून वाळक्या गवताच्या राशी काढल्या, पोत्यांत भरल्या. पुढच्या शुक्रवारी माळ्याने वाळू आणि खत आणलं. तिने खत मुठीत घेऊन वास घेतला आणि ओलं आहे, आणखी वाळवा म्हणाली. माळी म्हणाला, मी रोज चौकातल्या बागांना हेच घालतो. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी अर्धं खत वाळवलं, अर्धं तसंच टाकलं. कोणतं सरस ठरलं ते मला आजही सांगता येणार नाही.

बी पेरून झालं, आणि दुसऱ्याच सकाळी साळुंक्यांची पलटण उतरली. मी बाहेर धावले की त्या भिंतीवर जाऊन बसायच्या, मी आत वळले की खाली. गोणपाट अंथरलं तर त्याच्या कडा उचकटून आत शिरायच्या. माळ्याने एका काठीला आपला जुना शर्ट चढवून उभा केला. त्या शर्टाच्या खांद्यावर बसून त्या पिसं साफ करायच्या.

मग वरून खिडकी उघडली.

"ताई, दोरी हाय काय? लांब?"

तिने खिडकीच्या कडीला दोरीचं एक टोक बांधलं आणि दुसरं माझ्याकडे टाकलं. मी ते कडुनिंबाला बांधलं. मधे तिच्या सांगण्याप्रमाणे दुधाचे रिकामे डबे, आत खडे घालून, लटकवले. तिने वरून दोरीला हिसडा दिला आणि सगळं अंगण खडखडलं. साळुंक्या भर्रकन उडाल्या. माझी मुलगी टाळ्या पिटत नाचायला लागली.

खाडीकाठच्या त्यांच्या भाताच्या शेतात म्हणे ती लहानपणी मचाणावर बसून असंच पाखरं हाकायची. भात पिकायच्या दिवसांत शाळा बुडवून. "मला तेवढंच काम जमायचं," ती म्हणाली. "बाकी घरात मी निकामी."

पण साळुंकी हा हुशार पक्षी. डबे नुसतेच वाजतात हे त्यांना लवकरच कळलं. तेव्हा मग तिने तोंड उघडलं. माझ्याशी कुजबुजल्यासारखी बोलणारी ती मुलगी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून पोटातून आवाज काढायची, "हाSS हो हो होSS!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला पाइपच गळून पडला. इमारतीच्या खिडक्या पटापट उघडल्या. तिच्याच मजल्यावरची एक सिरियन बाई बाल्कनीत येऊन माझ्याकडे बघून ओरडली, "शू हादा?" हे काय चाललंय? मी हातवाऱ्यांनी पक्षी, बी, गवत असं सगळं करून दाखवलं. तिला किती कळलं कोण जाणे, पण तिने आत जाऊन स्वयंपाकघरातलं पातेलं आणि डाव आणला आणि बडवायला लागली.

मला एक शंका होती, ती मी विचारलीच. "ज्यांना एवढं खाऊपिऊ घातलंस, त्यांनाच हाकलतेस?"

तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली ताटली दाखवली. तिच्यात शिजवलेला भात होता.

"आधी पोटाला घालते, मग हाकलते. भुकेल्याला कसं हाकलायचं?"

बी उगवलं, पण सरसकट नाही. भिंतीकडे दाट, फाटकाकडे विरळ, आणि मधला एक पट्टा साळुंक्यांनी साफ केलेला. नवऱ्याचे मित्र आले की तो सांगायचा, डिझाइन आहे. डिसेंबरात मात्र संध्याकाळी चटई टाकून बसण्याइतकं गवत झालं. तिचा नवरा लवकर सुटला की तोही यायचा. हळूहळू कोचाच्या टोकावरून चटईच्या मधोमध आला. सिरियन बाई एकदा पुदिन्याचा चहा घेऊन आली आणि मग येतच राहिली. तिला हिंदी येत नव्हती, खिडकीतल्या आमच्या या मैत्रिणीला अरबी. तरी दोघी तासन्‌तास बोलायच्या. काय बोलतात याचं मला फार नवल वाटायचं. विचारलं तर ती म्हणायची, "सासूबद्दल."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही भारतात जाताना फाटकाची किल्ली तिच्याकडे दिली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याला फुजैराला जास्त चांगल्या गॅरेजमध्ये काम मिळालं आणि ते निघून गेले. जाताना ती रडली नाही. मी रडले. तिने सिरियन बाईला एव्हाना शिकलेल्या अरबीत काहीतरी लांबलचक सांगितलं, आणि सिरियन बाईने माझ्याकडे बोट दाखवून मान डोलावली. मला सांभाळायला सांगितलं असावं.

वर्षभराने एका शुक्रवारी आम्ही तिला भेटायला गेलो. डोंगर ओलांडून गाडी समुद्राच्या बाजूला उतरली, की लहान लहान बागा दिसायला लागतात. त्यातल्याच एका बागेच्या कडेला तिचं घर होतं, बैठं, पुढे चांगलं ऐसपैस अंगण. ती कडेवर बाळ घेऊन बाहेर आली. अंगाने भरली होती आणि आवाज आता तोच होता, खिडकीतला, खणखणीत. नवऱ्याला, शेजारणीच्या मुलांना, सगळ्यांना ती हुकूम सोडत होती.

मी अंगणभर नजर टाकली. नोव्हेंबर संपत आला होता. सगळीकडे वाफे पाडलेले. वांगी, मुळा, मेथी, लाल माठ, वेलीला काकड्या. पाण्याचे पाट काढलेले. मधून चालायला जेमतेम पाऊलभर जागा.

"अगं, लॉन नाही केलंस?" मी विचारलं. "इतकी छान जागा आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकीचं धरलं मी हातात.

"लॉन?" ती म्हणाली. "ताई, ते खायला येतं काय?"

मग बाळ माझ्याकडे देऊन ती मुळे उपटायला वाकली. माती झटकून एकेक मुळा माझ्या मुलीच्या हातात देत गेली. मुलगी ते छातीशी धरून, पानांच्या मागून जेमतेम दिसत उभी होती, आणि विचारत होती, "मावशी, हाऊ डू यू नो व्हेन दे आर रेडी? यू कान्ट सी देम."

"वाकून बघायचं," ती म्हणाली. "ये, बस हितं. दाखवते."